कीर्तनाची साथ : मृदंगापासून कीबोर्डपर्यंत

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रींची मूर्ती घरोघर विराजमान होते आणि तेव्हापासून अनंत चतुर्दशीपर्यंत अवघा महाराष्ट्र नादाने भारून जातो. पहाटेच्या आरतीची झांज, सायंकाळच्या भजनाचा टाळ, मंडपातील कीर्तनाची पेटी आणि विसर्जनाचा ढोल यांवाचून या उत्सवाची कल्पनाही आपणांस करवत नाही. श्रीगजानन हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. वात्स्यायनाने दिलेल्या कलांच्या यादीत पहिले नाव गीताचे असून त्याच्या लगोलग वाद्याचे नाव येते. गायनामागोमाग वादन यावे, हा क्रम आपल्या पूर्वजांनी किती विचाराने लावला असेल! साथ ही गाण्याच्या मागून चालणारी, परंतु गाण्याला कधीही एकटे न सोडणारी सोबतीण होय.

गेल्या काही वर्षांत या सोबतिणीचे रूप झपाट्याने पालटले आहे. गावोगावच्या मंडपांत मृदंग व तबला यांच्या जागी विजेवर चालणारा कीबोर्ड येऊन बसला आहे. एक कळ दाबली की ठेका सुरू होतो आणि दुसरी दाबली की बासरी वाजू लागते. हे योग्य की अयोग्य, असा प्रश्न श्रोते मला वारंवार विचारतात. केवळ आवडीनिवडीने त्याचे उत्तर देणे बरे नव्हे. या वाद्याने मला एकदा रडवले आणि एकदा शहाणेही केले. ती हकीकत सांगून मग विचार मांडावा, हे बरे.

अक्कलकुव्यातील एक संध्याकाळ

माझे बिऱ्हाड तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे क्षेत्री. तेथून तळोद्यावरून जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता धरला की सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेलगत अक्कलकुवा हे तालुक्याचे गाव लागते. येथील श्रोतृवर्ग मोठा गोड. एकाच सतरंजीवर मराठी, अहिराणी, गुजराती आणि भिल्ली बोलणारी माणसे मांडीला मांडी लावून बसतात, आणि भाषा निरनिराळ्या असल्या तरी टाळी मात्र एकाच मात्रेवर पडते.

इ. स. २०२३ च्या गणेशोत्सवात तेथे माझे कीर्तन होते. वर्षानुवर्षे मला साथ करणारे वृद्ध मृदंगवादक वाताने हैराण झाले होते आणि त्यांची बोटे वळत नव्हती. तबला वाजविणारा एक तरुण नोकरीसाठी सुरतेस गेला होता. मंडळाच्या मुलांनी धीर दिला, "महाराज, काळजी करू नका. आपल्याकडे कीबोर्ड आहे. त्यात सगळे ठेके भरलेले आहेत." वाजविणारा मुलगा मोलगीकडचा. लग्नसराईत पार्टीबरोबर वाजवून हात तयार झालेला, स्वभावाने नम्र आणि कानाने तल्लख.

पूर्वरंग सुरळीत पार पडला. मध्यंतरीच्या नामगजरात तर यंत्राच्या ठेक्याने रंगच भरला. उत्तररंगास हरिश्चंद्राचे आख्यान लावले होते. रोहिदासाचे कलेवर मांडीवर घेऊन तारामती स्मशानात बसली आहे, आणि धन्याची आज्ञा म्हणून प्रत्यक्ष पतीला तिच्यावर शस्त्र उगारावे लागत आहे, त्या प्रसंगी मी पदाचा शेवटचा शब्द उच्चारून थांबलो. कीर्तनकार तेथे थांबतोच. साथीदारही थांबतो. त्या निःशब्द क्षणात श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. परंतु त्या दिवशी यंत्र थांबले नाही. मी गप्प, तारामती गप्प, सारा मंडप गप्प. आणि ठेका मात्र आपल्या आनंदात चाललेला! मुलाने घाईघाईने कळ दाबली, तर थांबण्याऐवजी एक लांबलचक झगमगीत तुकडा वाजून मगच ते शांत झाले. पुढल्या रांगेतील पोरे खुदकन हसली. आख्यान मोडले ते मोडलेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग मुलावर नव्हता. मुलगा तर ओशाळून पाया पडून गेला होता. मनात एकच प्रश्न घोळत राहिला, की साथ म्हणजे नेमके काय?

पेटीचीही हीच कथा

नवे वाद्य आले की जुन्यांनी कपाळाला आठ्या घालाव्यात, ही रीत आजची नव्हे. आज जिच्यावाचून कीर्तन होत नाही ती आपली बाजाची पेटी मुळात परदेशी. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ या कारागिराने इ. स. १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायाने भाता हलवून वाजवावयाचे ते वाद्य होते. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते हाताने भाता मारून, जमिनीवर बसून वाजविता येईल असे केले. मराठी संगीत रंगभूमीने त्याला आपलेसे केले आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही इ. स. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले.

विरोधकांचा आक्षेप निराधार नव्हता. पेटीचे बारा स्वर ठोकळेबाज. त्यांत आपल्या बावीस श्रुती कोठून सापडणार? सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींचे गणित मांडून त्या बरहुकूम हार्मोनियम घडवून घेण्याचा खटाटोप केला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली आहे. म्हणजे परक्या वाद्याला आपल्या शास्त्राच्या चौकटीत बसविण्याचे काम शंभर वर्षे चालू आहे.

विजेच्या वाद्यांनाही आता बरीच वर्षे झाली. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इ. स. १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनविला, आणि आज मोठमोठ्या गवयांच्या बैठकीतही तो असतो. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये विजेच्या वाद्यांवर व यांत्रिक ठेक्यावर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. १९८३ पासून 'मिडी' ही पद्धत रूढ झाली आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. तेव्हा कीबोर्ड हा मंडपात अचानक शिरलेला चोर नव्हे. तो त्याच वाटेने आलेला पुढचा पाहुणा आहे. पाहुण्याला उंबरठ्यावर अडवावयाचे, की घराची रीत शिकवून आत घ्यावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

यंत्राच्या पोटात काय असते

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा आपण होऊन आला. मी त्याला म्हणालो, "बाबा रे, तुझे हे वाद्य मला समजावून सांग. आज मी विद्यार्थी, तू गुरुजी." तो लाजला, परंतु त्याने सांगितले ते मात्र स्वच्छ होते.

कीबोर्डातील साथीच्या साच्याला वादक मंडळी 'स्टाइल' म्हणतात. एका स्टाइलमध्ये आरंभीचा तुकडा, मुख्य आवर्तने, मधली भरणी आणि समाप्ती असे विभाग असतात. आपल्याकडील मोहरा, ठेका, तुकडा आणि तिहाई यांचीच ही दूरची भावंडे म्हणावीत. यामाहाच्या पद्धतीत एका स्टाइलचे आठ भाग असतात. दोन तालाचे, एक खर्जाचा, दोन स्वरमेळाचे, एक लांबविलेल्या स्वरांचा आणि दोन छोट्या सुरावटींचे. वादकाने डाव्या हाताने जो स्वरमेळ धरावा, त्याप्रमाणे यंत्र त्या सुरावटींना वर-खाली सरकवून घेते. तालाच्या भागाला मात्र हे सरकविणे लागू होत नाही.

कारखान्यातून येणाऱ्या वाद्यात ब्राझीलचा सांबा असतो, युरोपचा वॉल्ट्झ असतो. भारतासाठी काढलेल्या वाद्यांत तबला आणि भजनाचे ठेकेही असतात. परंतु वारकरी मृदंगाची भारदस्त चाल, अथवा याच तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत घुमणारा ढोल त्यात कोठून यावा? तो बाहेरून भरावा लागतो. फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावयाची, पेनड्राइव्ह शक्यतो त्याच कीबोर्डात सिद्ध केलेला असावा, आणि मग ती फाइल वाद्याच्या स्मृतीत ठरावीक क्रमांकावर चढवावयाची. चढविणे चालू असताना पेनड्राइव्ह उपटू नये की वीज बंद करू नये. एका कंपनीची फाइल दुसरीच्या वाद्यात चालत नाही. इतकेच नव्हे, तर नव्या वाद्याची फाइल त्याच कंपनीच्या जुन्या वाद्यात कित्येकदा उमटत नाही. जुने ठेके पुसले जाऊ नयेत म्हणून त्यांची प्रत आधी काढून ठेवावी. आणि हे सारे कीर्तनाच्या आदल्या दिवशी आटोपावे. आयत्या वेळी मंडपात बसून फाइली शोधणे हे लग्नघटिकेला मंगलाष्टके पाठ करण्यासारखे आहे.

ठेका भरला तरी ताल जमतोच असे नाही

यानंतर माझी पाळी आली. शास्त्राच्या दृष्टीने मी त्याचे ठेके एकेक करून ऐकू लागलो, तेव्हा दोन दोष ध्यानात आले.

पहिला तालाचा. केरवा, दादरा, भजनी ठेका हे यंत्रात बरे बसतात. त्याने रूपक म्हणून भरलेल्या साच्यात मात्र पहिल्या मात्रेवर जोरकस घुमारा होता. रूपकाचे वैशिष्ट्यच हे, की त्याची सम खालीवर येते. सात मात्रा मोजून भरल्या तरी जेथे हात हलका पडावयाचा तेथे धमाका झाला, तर तो रूपक नव्हे, केवळ सातची बेरीज होय. फाइल करणाऱ्याने मात्रा मोजल्या होत्या, परंतु ताल ऐकला नव्हता.

दुसरा दोष स्वरांचा. आपले संगीत रागाचे, स्वरमेळाचे नव्हे. भैरव रागातील पद चालू असता डाव्या हाताने षड्जाचा मेळ धरला, तर साच्यात दडलेली सुरावट भलताच शुद्ध ऋषभ घेऊन मध्येच डोकावते आणि कोमल ऋषभाच्या आंदोलनाचा चुराडा करते. उपाय सोपा आहे. तालाचे दोन भाग चालू ठेवून बाकीचे सहा बंद करावेत. सुरांची सोबत तंबोऱ्याने आणि पेटीने करावी. यंत्राकडून तेवढेच मागावे जेवढे ते शुद्ध देऊ शकते. काही कीबोर्डांत एकेक स्वर किंचित उतरविण्या-चढविण्याचीही सोय असते. समान अंतराच्या बारा स्वरांतील गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा, चढा असतो. तंबोऱ्याबरोबर गाणाऱ्याच्या कानाला तो खुपतो. तो तेवढा उतरविला की कान निवतो.

थांबण्याचा प्रश्न राहिला होता. मी विचारले, "मी थांबलो की हे थांबेल असे काही नाही का?" त्याने थोडा वेळ विचार केला आणि एक कळ दाखविली. ती चालू असता डावा हात कळांवर टेकलेला असेल तोवरच ठेका वाजतो. हात उचलला की ठेका तत्काळ बंद. मला अतिशय आनंद झाला. परंतु तोच मुलगा पुढे म्हणाला, "पण महाराज, हात कधी उचलायचा हे मला कळायला हवे. त्याला काय कळणार?"

काल रात्रीच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्याने नकळत देऊन टाकले होते. साथ म्हणजे वाजविणे नव्हे. साथ म्हणजे ऐकणे. ऐकता ऐकता वाजविणे, आणि ऐकूनच थांबणे. लय राखणे यंत्राला साधते, किंबहुना माणसाहून अधिक काटेकोर साधते. ऐकणे मात्र त्याला साधत नाही. ते वादकाकडेच राहते.

स्वातिमुनींचे कमळवन

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तारेची ती तत, कातड्याने मढविलेली ती अवनद्ध, धातूंची ती घन आणि फुंकण्याची ती सुषिर. पुढे तेराव्या शतकात, आपल्याच देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात वाद्यांसाठी एक संपूर्ण अध्याय खर्ची घातला. कीबोर्ड या चारांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही, कारण तो चारही वर्गांची नक्कल करतो.

नाट्यशास्त्रातील अवनद्ध वाद्यांच्या उत्पत्तीची कथा मोठी हृद्य आहे. अनध्यायाच्या दिवशी स्वाती नावाचे मुनी पाणी आणण्यासाठी सरोवरावर गेले. आभाळ भरून आले, वारा सुटला आणि पावसाच्या धारा कमळाच्या पानांवर कोसळू लागल्या. मोठ्या पानावर एक नाद, मध्यम पानावर दुसरा, लहानावर तिसरा. कोठे गंभीर, कोठे मधुर. मुनी ऐकतच राहिले. ते नाद मनात साठवून ते आश्रमात परतले आणि विश्वकर्म्याच्या साहाय्याने त्यांनी मृदंग व पुष्कर ही वाद्ये निर्माण केली. पुष्कर म्हणजे कमळ. वाद्याने आपल्या जन्माची खूण नावात जपली आहे.

या कथेत वाद्य नंतर येते. आधी येते ते ऐकणे. आणि त्या पावसातील कोणतेही दोन थेंब तंतोतंत सारखे पडले नव्हते, हेही विसरू नये. श्रावण-भाद्रपदात सातपुड्यावर कोसळणारा पाऊस ज्याने सागाच्या रानात उभे राहून ऐकला आहे, त्याला स्वातिमुनींची कथा निराळी समजावून सांगावी लागत नाही.

आबांचा ठेका

ही कथा मी त्या मुलाला सांगितली. ती त्याच्या मनात कशी रुजली कोण जाणे. संध्याकाळी तो त्या वृद्ध मृदंगवादकांच्या घरी गेला. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. आबांनी मुखाने बोल म्हणावयाचे आणि मुलाने ते कळांवरून यंत्रात भरावयाचे, असा उद्योग कित्येक दिवस चालला. स्टाइल रचण्याची सोय असलेला त्याच कंपनीचा मोठा कीबोर्ड त्याने पार्टीतील मित्राकडून मागून आणला होता. तयार झालेला ठेका पेनड्राइव्हवर घेऊन मंडळाच्या लहान कीबोर्डात भरावयाचा, असा त्याचा बेत होता.

त्यात एक नाजूक गोष्ट त्याने सांभाळली. यंत्रात अशी सोय असते, की वाजविताना मागेपुढे झालेले आघात ते आपोआप नेमक्या मात्रेवर आणून बसविते. ती त्याने वापरली नाही. आबांचा एक आघात नेहमी केसभर रेंगाळून पडतो. तो दोष नव्हे. तीच त्यांच्या हाताची ओळख. शिवाय एकच आवर्तन भरून ते पुनःपुन्हा फिरविण्याऐवजी त्याने आठ आवर्तने, प्रत्येक किंचित निराळे, अशी भरली.

ठेका पुरा झाला तेव्हा मी तेथे होतो. डोळे मिटून आबांनी तो ऐकला. कित्येक वर्षांचा त्यांचा अभंगाचा ठेका खोलीत घुमत होता आणि त्यांची वाकडी झालेली बोटे मांडीवर हलत होती. शेवटी ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ ठेका मना शे, पन हात मना नही." ठेका माझा आहे, परंतु हात माझा नाही. आणि मग मुलाकडे पाहून, खुंटीवर टांगलेल्या मृदंगाकडे त्यांनी बोट दाखविले. "ठेका नेलास, आता हात पण ने. उद्यापासून येत जा."

मुलाने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आबांकडे. त्याला लग्नसराईत चार पैसे मिळवून देतो तो कीबोर्ड. मृदंगाने त्याचे पोट भरणार नव्हते. ही गोष्ट आपण कीर्तनाला बसणाऱ्या सर्वांनी नीट ध्यानात घेतली पाहिजे. मृदंग वाजविणारा हवा असे म्हणावयाचे आणि त्याच्या बिदागीची वेळ आली की खिसे चाचपावयाचे, ही आपली रीत यंत्राहूनही अधिक बहिरी आहे.

तरीही तो जाऊ लागला. कणीक भिजवून मृदंगाच्या धुमेला कशी लावावी, पावसाळी हवेत ढिले पडलेले पान गट्टे ठोकून कसे चढवावे, येथपासून धडे सुरू झाले.

पुढल्या वर्षी

इ. स. २०२४ च्या गणेशोत्सवात मी पुन्हा अक्कलकुव्यास गेलो. पूर्वरंगाला कीबोर्डवर आबांचा ठेका होता. तालाचे भाग तेवढे चालू, बाकी सारे बंद. श्रोत्यांतील काही जाणत्यांनी तो ओळखला आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या आबांकडे वळून माना डोलावल्या. उत्तररंग लागला तेव्हा मुलाने कीबोर्डाची वीज बंद केली, मृदंग पुढ्यात ओढला आणि मला नमस्कार केला.

मी मुद्दाम तेच आख्यान लावले होते. त्याचा हात अजून कच्चा होता. एकदा सम चुकली, एकदा लय थोडी पळाली. टाळकऱ्यांनी सांभाळून घेतले. तारामतीच्या प्रसंगाशी मी शेवटचा शब्द उच्चारून थांबलो, आणि मृदंग माझ्याबरोबर थांबला. मंडपाच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पुढच्या रांगेतील एकही पोर हसले नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की घरी किंवा मंडपात कीबोर्ड असेल तर त्याला वाईट म्हणू नका. त्यात आपल्या मातीतले ठेके भरा, जाणत्याकडून तपासून घ्या, नको ते सूर बंद ठेवा आणि थांबण्याची कळ शिकून घ्या. जेथे वादकच नाही तेथे त्याच्या आधाराने नामस्मरण खुशाल होऊ द्या. देवाला साधनाचा विटाळ नाही. परंतु गावात एखाद्या वृद्धाच्या खुंटीवर मृदंग टांगलेला असेल, तर त्याचा ठेका यंत्रात भरून घेण्यापाशीच थांबू नका. आपल्या घरातील एक मूल त्याच्या पायाशी बसवा, आणि त्या मुलाच्या कष्टाचे मोल द्या.

श्रीगजाननाचे कान सुपाएवढे आहेत. ऐकण्याची ती शक्ती त्याने आम्हां गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांना आणि श्रोत्यांनाही थोडीथोडी द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.